काणकोण ते लिस्बन: कितलीं वरां?

लिस्बनहून सुट्टीला गावी, दक्षिण गोव्यातल्या काणकोणला, आले की चावडीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितलीं वरां लागतात गो?" म्हणजे किती तास लागतात गं? घरी कोकणी आणि लिहायला मराठी अशी आमची तऱ्हा, त्यामुळे प्रश्न कोकणीत आला तरी उत्तर इथे मराठीत देते.

गोवा ते लिस्बन सरळ रेषेत साधारण ८,३०० किलोमीटर. थेट विमान असतं तर दहाएक तासांत पोचले असते. ते नाही, म्हणून दोहामार्गे जायचं. यावर आईची नेहमीची तक्रार, "मधेच वाकडी वाट कशाला?" यंदा बाबांचा शाळेतला जुना पृथ्वीगोल काढला आणि अबोलीची फाती ओवायला ठेवलेला दोरा तिच्याच हातात दिला. तिने अंगठ्याने गोवा दाबून धरला, दुसरं टोक लिस्बनवर ताणलं. दोहा दोऱ्याच्या शेजारीच, बोटभरही लांब नाही. हिशेबाने फेरा पडतो जेमतेम २५-३० किलोमीटरचा! दिल्लीमार्गे गेलं तर मात्र नऊशेहून जास्त किलोमीटर वाढतात. आईने दोरा दोनदा ताणून पाहिला, मग म्हणाली, "म्हणजे वाटेतच पडतं की."

मग वेळ जातो कुठे? हवेत फार नाही. मोपा (उत्तर गोव्यातला नवा विमानतळ) ते दोहा पावणेचार-चार तास, पुढे लिस्बन साडेसात-आठ. येताना थोडं लवकर होतं, कारण वरचे पश्चिमेचे वारे तेव्हा पाठीमागून ढकलतात. खरी मेख काणकोणात आहे. विमान दाबोळीच्या जुन्या विमानतळावरून असताना साठेक किलोमीटरांत काम भागायचं. आता मोपासाठी मडगाव, झुवारीचा पूल, पणजी, म्हापसा असा सगळा गोवा दक्षिणोत्तर ओलांडून धारगळला वळायचं. शंभरेक किलोमीटरांना अडीच तास. तेवढ्या वेळात विमान दोन हजार किलोमीटर जातं. (मोपाशेजारच्या पेडण्याची माझी मैत्रीण यावर मनापासून हसते. हसू दे.) उलट लिस्बनचा विमानतळ शहरातच, मेट्रोच्या लाल मार्गाने वीसेक मिनिटांत आलामेदा स्थानक.

त्यात विमानतळावर तीन तास आधी, दोह्यात तीन-चार तास. दारापासून दारापर्यंत बावीस-तेवीस तास धरा. मागच्या खेपेला पहिलं विमान उशिरा सुटलं, पुढचं चुकलं, आणि नऊ तास बाकड्यावर काढले. सोबत आईने दिलेली आमसुलं आणि एक अर्धवट वाचलेला दिवाळी अंक.

वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला याच लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ ला कालिकतजवळ पोचला. दहा महिन्यांहून अधिक! हे आईला सांगितलं तर म्हणाली, "त्याला कोण घरी बोलावत होतं?"

तासांचं आणखी एक त्रांगडं आहे. हिवाळ्यात आपण लिस्बनच्या साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी लिस्बनची घड्याळं एक तास पुढे सरकतात. आई सातला तुळशीकडे दिवा लावून फोन करते. हिवाळ्यात माझे दीड वाजलेले असतात, डबा उघडलेला असतो, निवांत बोलणं होतं. उन्हाळ्यात तोच फोन अडीचला येतो, नेमका मीटिंगमध्ये. तिला म्हटलं, एप्रिलपासून सहाला करत जा. "दिवा सहाला कसा लावू?" म्हणाली. आता मीटिंगच अर्धा तास पुढे ढकलली आहे.