चाकण ते कागल: लो-बेडवरून क्रेन आणताना

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या उभारणीसाठी आम्ही चाकणहून एक रफ टेरेन (खडबडीत जमिनीवर चालणारी) क्रेन लो-बेड, म्हणजे बुटक्या पाट्याच्या, ट्रेलरवरून रस्त्याने आणली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या तिन्ही वसाहतींत फौंड्री आणि मशीन शॉपचे विस्तार सतत चालू असतात, त्यामुळे असे अवजड यंत्र बाहेरून आणण्याची वेळ इथल्या अनेक कंत्राटदारांवर येते. त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे. प्रवासापेक्षा त्याच्या तयारीवर मी अधिक लिहिले आहे, कारण अशा वाहतुकीत रस्त्यावर जे घडते त्याचा बराचसा भाग गाडी यार्डातून बाहेर पडण्यापूर्वीच ठरलेला असतो.

पहिला प्रश्न क्रेन स्वतःच्या चाकांवर आणायची की ट्रेलरवर चढवून, हा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मोबाइल क्रेनची गणना बांधकाम उपकरण वाहनांत होते. हे बिगर-परिवहन वाहन असून त्याचे रस्त्यावर चालणे हे मुख्य कामाला पूरक, थोड्या वेळापुरते आणि ताशी ५० किलोमीटरच्या आत असावे, अशी त्याची व्याख्याच आहे. नियम ९३ नुसार अशा वाहनाची प्रवासाच्या स्थितीतील रुंदी ३ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये, आणि २.६ मीटरच्या पुढचा भाग पुढून-मागून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेला असावा लागतो. आपल्याकडे सर्रास दिसणारी हायड्रा ही लहान क्रेन या चौकटीत बसते आणि एमएच-०९ चा क्रमांक घेऊन रस्त्यावर फिरते. आमच्या क्रेनची रुंदी मात्र ३.३ मीटर होती, त्यामुळे तिला ट्रेलरशिवाय पर्याय नव्हता. एकदा ती ट्रेलरवर चढली की कायद्याच्या दृष्टीने ती माल ठरते आणि मालवाहू गाडीच्या मर्यादा लागू होतात. म्हणजे रुंदी २.६ मीटर आणि उंची ४ मीटर. या मापांत न बसणाऱ्या मालाला वाहतूकदार ‘ओडीसी’ (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतात, आणि पुढची सगळी कागदपत्रे त्याच नावाने मागितली जातात.

वजनाचा विचार याहून बारकाईने करावा लागतो. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने अॅक्सलनिहाय वजनमर्यादा वाढवल्या. चार टायरच्या एकेरी अॅक्सलला ११.५ टन, जोड अॅक्सलला २१ टन, तिहेरी अॅक्सलला २७ टन, आणि ट्रॅक्टर-ट्रेलरचे एकूण वजन मालासह कमाल ५५ टन. आमची क्रेन काउंटरवेटसह (उचलताना तोल सांभाळणाऱ्या वजनासह) सुमारे ४० टनांची, तर पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) आणि लो-बेड यांचे रिकामे वजन साडेवीस टनांच्या आसपास होते. म्हणजे जशीच्या तशी क्रेन चढवली असती तर बेरीज ६० टनांच्या वर गेली असती. मर्यादेबाहेरची परवानगी ही अविभाज्य मालासाठी असते, आणि काउंटरवेट हा पिना काढून सुटणारा भाग आहे. तो क्रेनवर ठेवून जादा वजनाची परवानगी मागणे नियमाच्या हेतूला धरून नाही. आम्ही साडेसहा टनांचे काउंटरवेट, मोठा हुक ब्लॉक आणि आउटरिगरखालच्या (क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या पायांखालच्या) प्लेट्स उतरवून साध्या ट्रकने वेगळ्या पाठवल्या. त्यामुळे गाडी ५५ टनांच्या आत आली, आणि परवानगीचा विषय केवळ रुंदी-उंचीपुरता उरला. एका जादा ट्रकचे भाडे यात गेले, पण वाटेतल्या प्रत्येक पुलावरचा भार तेवढ्याने कमी झाला, आणि तो पूल आपल्या मागून येणाऱ्या एसटीलाही ओलांडायचा असतो.

उंची मोजण्याविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. उत्पादकाच्या तक्त्यातील उंची ही ठरावीक टायर, ठरावीक हवा आणि बूम (क्रेनचा लांब हात) पूर्ण बसलेल्या स्थितीतली असते. प्रत्यक्षात केबिनवरचा फिरता दिवा, वातानुकूलन यंत्राचे खोके किंवा बूमच्या टोकाची पुली यांपैकी काहीतरी सर्वांत वर येते. आमच्या क्रेनची कागदावरची उंची पावणेचार मीटर होती आणि लो-बेडचा पाटा जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर होता. चेन आवळल्यानंतर काठीने मोजले तेव्हा ४.७ मीटर भरले. अर्जात आम्ही हेच माप लिहिले. क्रेन चढवून, बांधून आणि मोजून झाल्यावरच अर्ज भरावा, अथवा त्याच ट्रेलरवर तीच क्रेन पूर्वी चढवल्याची खात्रीची मापे हाताशी असावीत. परवान्यावरचे माप आणि गाडीवरचे माप जुळले नाही, तर तो परवाना तपासणी अधिकाऱ्यासमोर निरुपयोगी ठरतो.

राष्ट्रीय महामार्गांवरील मापबाह्य व वजनबाह्य वाहतुकीची परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून मिळते. त्यासाठी पुलर आणि ट्रेलर या दोन्हींचे नोंदणी प्रमाणपत्र, फिटनेस, विमा आणि परमिट, मालाची मापे व वजन, अॅक्सलनिहाय भाराचा आराखडा आणि नेमका मार्ग हाताशी ठेवावा. मार्ग लिहिताना महामार्गाचे सध्याचे क्रमांक वापरावेत. कोल्हापुरात अजूनही ‘एनएच ४’ म्हणण्याची सवय आहे, पण तो आता ४८ आहे. रत्नागिरी-कोल्हापूर-सांगली रस्ता १६६ आहे, आणि चाकण-तळेगाव रस्ता ५४८-डी. महामार्ग सोडून राज्यमार्गाने जायचे असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग आणि वसाहतीतील अंतर्गत रस्त्यांसाठी एमआयडीसीचे स्थानिक कार्यालय यांच्याकडे वेगळे जावे लागते. वाटेतल्या पोलिसांच्या वाहतूक शाखांना मार्ग आणि तारीख आधी लेखी कळवावी. या प्रवासात पुणे, सातारा, सांगली आणि कोल्हापूर असे चार जिल्हे लागतात. पेठ नाक्याचा भाग सांगली जिल्ह्यात येतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

परवानगीशिवाय निघण्याचा हिशोबही माहीत असावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, पुढेमागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर असेल तर वेगळे २०,००० रुपये. आणि वजनकाट्यावर गाडी नेण्यास नकार दिला तर ४०,००० रुपये. सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट मालासाठी सूट दिली असेल तर मापाचा दंड लागू होत नाही, ही तरतूदही त्याच कलमात आहे. दंडापेक्षा मोठी अडचण ही की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडली जात नाही, आणि महामार्गाच्या कडेला क्रेन उतरवणे हे स्वतःच एक धोकादायक काम आहे.

ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) भरताना वाहनाचा प्रकार निवडण्याकडे विशेष लक्ष द्यावे. साधारण मालाच्या बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने मिळते, तर मापबाह्य मालाला २० किलोमीटरला एक दिवस. चाकण ते कागल हे अंतर ३०० किलोमीटर धरले, तर साध्या प्रकारात २ दिवस मिळतात आणि मापबाह्य प्रकारात १५. क्रेन विकलेली नाही, केवळ कामावर चालली आहे, म्हणून बिल लागत नाही असा समज व्यवसायात आढळतो, परंतु महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल डिलिव्हरी चलनावर जात असला तरीही ई-वे बिल काढावे लागते. काउंटरवेटच्या ट्रकसाठी स्वतंत्र चलन आणि स्वतंत्र बिल केलेले असावे.

क्रेन यार्डातच, सपाट काँक्रीटवर चढवली. वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉकची पिन बसवली, बूम विश्रांतीच्या आधारावर टेकवला, चाकांना लाकडी ठोकळे मारले आणि क्रेनच्या चेसिसवरील ठरलेल्या कड्यांतून चार दिशांना चेन ताणल्या. आउटरिगरचे बीम खिळीने बंद केले, कारण धक्क्याने ते बाहेर सरकले तर रुंदी आपोआप वाढते. पहिल्या काही किलोमीटरवर थांबून सर्व चेन पुन्हा आवळल्या. चेन सैल झालेल्याच असतात. बाजूंना लाल झेंडे, संध्याकाळसाठी लाल दिवे आणि पुढे-मागे पायलट गाडी अशी रचना होती. आमच्या परवानगीत उजेडातच प्रवास करण्याची अट होती, म्हणून वाटेत मुक्काम ठरवूनच निघालो.

चाकण-तळेगाव रस्त्यावर कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी वाहने तुंबतात. तेथील अवजड वाहनांच्या वेळेचे निर्बंध आदल्या दिवशी विचारून घ्यावेत. देहूरोडपासून बाह्यवळणाने नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे जाताना चढ लागतो. आम्हाला तो चढायचा होता. परतीच्या वाटेने क्रेन घेऊन येणाऱ्यांना तोच लांब उतार मिळतो, आणि तिथे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात सर्वांना ठाऊक आहेत. उतरताना गिअर खालचाच ठेवावा, गाडी न्यूट्रल करू नये आणि तिथली कमी केलेली वेगमर्यादा काटेकोरपणे पाळावी. खंबाटकीतही दिशेनुसार फरक होता: आमच्या प्रवासाच्या वेळी पुण्याहून येणारी वाहतूक घाटाने चढत होती, तर साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून जात होती. त्यामुळे जाण्याच्या मार्गाची उंची तपासली म्हणजे येण्याचीही तपासली गेली, असे समजू नये.

टोलनाक्यावर नेहमीचा गाळा ३.२ मीटर रुंद असतो, आणि मोठ्या वाहनांसाठीचा कडेचा गाळा ४.५ मीटर. ३.३ मीटरच्या क्रेनला कडेचाच गाळा हवा. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी या चारही ठिकाणी पायलट गाडीने पुढे जाऊन तो गाळा मोकळा असल्याची खात्री केली. एका नाक्यावर तिथे बॅरिकेड ठेवलेले होते, ते हटवायला वेळ लागला. पुलर आणि ट्रेलर मिळून सात किंवा अधिक अॅक्सल होत असतील तर टोलचा वर्ग बदलतो, तेव्हा फास्टॅगवरची नोंद आणि शिल्लक आधी पाहावी.

सर्वांत अधिक काळजी सातारा ते कागल या सहापदरीकरणाच्या टप्प्यात घ्यावी लागली. मुख्य रस्ता महामार्गाच्या मापाचा असतो आणि त्यावरील वाहनांच्या भुयारी मार्गांची उंची ५.५ मीटर धरलेली असते. परंतु काम चालू असताना वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली जाते, आणि हलक्या वाहनांसाठीचे भुयारी मार्ग ४ मीटर उंचीचेच असतात. ४.७ मीटरची क्रेन एकदा अशा मार्गाच्या तोंडाशी गेली तर मागे वळायला जागा नसते. आम्ही आदल्या दिवशी दुचाकीवरून मापाची काठी घेऊन कराड ते शिरोली हा भाग पाहिला होता. नकाशावर किंवा महिन्याभरापूर्वीच्या पाहणीवर इथे विसंबू नये, कारण वळणमार्ग आठवड्यातही बदलतात. सेवा रस्त्यांवर केबल आणि इंटरनेटच्या तारा विजेच्या तारांपेक्षाही खाली लोंबतात. त्यांच्यासाठी सुक्या लाकडी काठीचा माणूस सोबत असतो. विजेच्या तारेला मात्र त्याने हात लावायचा नाही, तिथे महावितरणचाच कर्मचारी हवा.

गळीत हंगामात येणार असाल तर पेठ नाक्यापासून पुढे उसाच्या दुहेरी ट्रॉल्या धराव्यातच. त्यांच्यातील अनेकांना मागे दिवा नसतो आणि त्या क्रेनपेक्षाही हळू चालतात. त्यांना ओलांडण्याची घाई चालकाने करू नये. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी पाहूनच निघावे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली होती. पातळी इशाऱ्याकडे सरकू लागली की गाडी साताऱ्याच्या अलीकडे थांबवावी आणि परवानगीची मुदत वाढवून घ्यावी.

ज्यांची क्रेन सुटे भाग काढूनही ५५ टनांत बसत नाही, त्यांना हायड्रॉलिक अॅक्सलचा ट्रेलर आणि वजनबाह्य परवानगी लागेल. अशा परवानगीत पूल ओलांडण्याची अट महत्त्वाची असते: ताशी ५ किलोमीटर वेग, गाडी पुलाच्या मध्यरेषेवर, पुलावर दुसरे वाहन नाही, आणि मध्ये ब्रेक किंवा थांबणे नाही. या मार्गावर नीरा, कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा आणि पंचगंगा अशा अनेक नद्या आहेत, ओढे वेगळेच. प्रत्येक पुलावर मागची वाहतूक रोखायला माणसे आणि पोलिसांची वेळ लागते, म्हणून अंतरावरून प्रवासाचा कालावधी न काढता पुलांवरून काढावा.

कागलला महामार्ग सोडल्यानंतरचा टप्पा लहान असला तरी लो-बेडला कारखान्याच्या फाटकात वळायला मोठी जागा लागते. फाटकासमोरची वाहने सकाळी हलवून ठेवली होती. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारांची नियमाप्रमाणे उंची ५.८ मीटर असावी, पण उन्हाळ्यात तारा सैल होतात, तेव्हा दुपारी मोजलेलेच माप धरावे. क्रेन उतरवल्यावर काउंटरवेट बसवले आणि स्विंग लॉक काढला. कामाला लावण्यापूर्वी सक्षम व्यक्तीच्या तपासणीचे प्रमाणपत्र पाहून घ्यावे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ नुसार उचल यंत्राची अशी तपासणी किमान १२ महिन्यांतून एकदा बंधनकारक होती, आणि कारखान्याचा सुरक्षा अधिकारी तोच कागद पहिल्यांदा मागतो. परतीची परवानगी वेगळी काढावी लागते. तिचा अर्ज काम संपण्याच्या पुरेसा आधी, त्याच मापांच्या नोंदीवरून भरावा.