केवड्याचं कणीस

आज हरतालिका. पहाटे दादरच्या फुलबाजारातून केवड्याचं एक कणीस आणलं. पात्यांच्या कडेचे बारीक काटे बोटांना लागले, पण लोकलच्या डब्यात पिशवी उघडली आणि शेजारच्या मावशींनी डोळेच मिटले. म्हणाल्या, "आईची आठवण आली गं."

ब्रह्मदेवाने ज्योतिर्लिंगाचं टोक पाहिलं, अशी खोटी साक्ष केतकीने दिली आणि शंकराने तिला आपल्या पूजेतून कायमचं वगळलं, ही कथा आजी दरवर्षी सांगायची. तरी हरतालिकेच्या वाळूच्या पिंडीजवळ ती केवडा ठेवायचीच. "तो गौरीसाठी," एवढंच म्हणायची. आज मीही तसाच ठेवला, पार्वतीच्या बाजूला. मला ते फार आवडतं. ज्याला देवाने नाकारलं, त्याला त्याच पाटावर देवीपाशी जागा आहे.

इतका दरवळ असतो तो नर झाडाच्या फुलोऱ्याला. गावाकडे केवड्याच्या बनात नाग असतो म्हणत, म्हणून आम्हा मुलांना तिकडे जाऊ देत नसत.

रात्र जागवायची आहे. एक पातं आजीच्या नऊवारीच्या घडीत ठेवलंय. कपाट उघडलं की ती खोलीत आल्यासारखं वाटतंय.