कोरियन मालिकेत डोळे नेमके कुठे भरून येतात

‘रिप्लाय 1988’च्या पहिल्या भागात दोक-सन नावाची मुलगी अंड्यावरून आणि केकवरून घर डोक्यावर घेते. सोलच्या स्सांगमुन-दोंग भागातल्या एका गल्लीत, दुसऱ्याच्या घराच्या अर्ध्या तळघरात हे कुटुंब राहतं. तीन भावंडांत ती मधली. मोठ्या बहिणीचा वाढदिवस तिच्या आधी काही दिवस येतो, म्हणून दोघींचं एकाच केकवर उरकतात. अंडी असतात ती बहिणीच्या आणि धाकट्या भावाच्या ताटात जातात. एके दिवशी तिचा बांध फुटतो. ती ओरडते, रडते, घराबाहेर निघून जाते.

इथे पाहणाऱ्याच्या पोटात तुटतं, पण डोळे कोरडे असतात. ते भरून येतात पुढच्या प्रसंगात. बाप एक छोटा केक घेऊन गल्लीत तिच्या शेजारी बसतो, चुकलं म्हणतो आणि सांगतो की, मी काही जन्मल्यापासून बाप नव्हतो, मलाही हे पहिल्यांदाच करावं लागतंय.

कोरियन मालिकांची सगळी पकड या दोन प्रसंगांमधल्या अंतरात आहे. दुःख कोसळतं तिथे प्रेक्षक रडत नाही. ते दुःख दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येतं, तिथे रडतो. हे एकदा ध्यानात आलं की कुठलीही चांगली कोरियन मालिका कशी रचली आहे ते दिसू लागतं, आणि वाईट मालिका कुठे घसरते तेही.

त्याच मालिकेचा दुसरा भाग बघा. आजी वारते. मुलं गावी पोचतात तर वडील आणि आत्या आलेल्यांना वाढतायत, हसतायत, गप्पा मारतायत. मुलांना कळेना, यांना काहीच कसं वाटत नाही? मग अमेरिकेहून थोरला काका उशिरा येऊन पोचतो आणि त्याला पाहताक्षणी ही सगळी मोठी माणसं लहान पोरांसारखी हंबरडा फोडतात. दहाव्याला गंगेवर भटजींचं, चहाचं, गाड्यांचं बघत फिरणारा आणि अखेर मामा दिसल्यावर कोसळणारा थोरला मुलगा नाशिककरांना नवा नाही. लेखिका ली वू-जंग आणि दिग्दर्शक शिन वॉन-हो यांनी बराच वेळ ते रडू अडवून धरलं आहे. ते आधीच वाहू दिलं असतं, तर शेवटी हाती काही उरलं नसतं.

अडवून धरण्याचं मुख्य साधन म्हणजे माहिती. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही, याचा हिशोब कोरियन लेखक फार काटेकोर ठेवतात. ढोबळ नियम असा: प्रेक्षकाला आधी, पात्राला नंतर. 2018 सालच्या ‘माय मिस्टर’मध्ये जी-आन ही कर्जात बुडालेली मुलगी ऑफिसातली इन्स्टंट कॉफीची पाकिटं घरी नेते आणि रात्री तीच पिऊन पोट भरते. घरी म्हातारी आजी आहे, तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. पैशांसाठी ही मुलगी आपल्याच वरिष्ठाच्या, दोंग-हूनच्या, फोनवर पाळत ठेवते. त्याचं बोलणं, दमलेला श्वास, जिन्यावरची पावलं ती कानाला इअरफोन लावून ऐकत राहते. तो तिच्याबद्दल तिच्या माघारी चार बरे शब्द बोलतो आणि ते तिला ऐकू येतात. कुणीतरी आपली बाजू घेतंय हे तिला कळलंय, तिला कळलंय हे आपल्याला कळलंय, फक्त ज्याने बाजू घेतली त्याला पत्ता नाही. सोळा भागांची मालिका या एका विषम मांडणीवर उभी आहे. यात रूढ अर्थाने प्रेमकथा नाही, आणि तरी कित्येक प्रेमकथांपेक्षा ती जास्त आत शिरते.

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ची लेखिका पार्क जी-उन हाच हिशोब वेगळ्या पद्धतीने मांडते. कथा पुढे जात राहते आणि भाग संपल्यावर एक छोटं उपप्रकरण येतं, ज्यात आधी पाहिलेली गोष्ट दुसऱ्या बाजूने उलगडते. स्वित्झर्लंडमध्ये जगण्याची इच्छा संपलेल्या नायिकेने, सेरीने, एका तळ्यावर पियानोचे सूर ऐकले होते. ते वाजवणारा माणूस कोण होता, हे आपल्याला तिच्या आधी कळतं. त्यानंतरचा त्या दोघांचा साधा संवादही जड होतो, कारण आता आपण त्यांच्यापेक्षा जास्त जाणतो.

हीच माहिती कधीच पोचली नाही तर काय होतं? त्यातून ‘सेकंड लीड’ची, म्हणजे नायिकेवर जीव लावणाऱ्या दुसऱ्या तरुणाबद्दलची, ती प्रसिद्ध हळहळ जन्माला येते. ‘रिप्लाय 1988’मधला एक मुलगा गर्दीच्या बसमध्ये दोक-सनला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी आडोसा करून उभा राहतो. तिने दिलेला गुलाबी शर्ट त्याचा भाऊ घालतो आणि याने तो देऊन टाकला असा तिचा समज होतो. प्रेक्षकाकडे त्याच्या बाजूचे सगळे पुरावे आहेत, तिच्याकडे एकही नाही. (पुढे दोक-सनचा नवरा कोण होतो, ते इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांचा तो आनंद हिरावून घेण्यात अर्थ नाही.)

दुसरं साधन वेळ, आणि इथे कोरियन टीव्हीचा व्यवहार समजून घ्यायला हवा. बरीच वर्षं ठरलेली चौकट अशी: सोळा भाग, प्रत्येक साधारण 60 ते 75 मिनिटांचा, आठवड्यात लागोपाठ दोन दिवस दोन भाग. सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शुक्रवार-शनिवार, शनिवार-रविवार, अशा जोड्या. आठ आठवड्यांत गोष्ट संपते. विषम भागाच्या शेवटी प्रेक्षकाला एकच दिवस थांबवायचं असतं, सम भागाच्या शेवटी सहा दिवस. म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या भागाचा शेवट जास्त जोरात ओढतो. सगळे भाग एका दमात पाहतानाही ही ओढ जाणवते, कारण लिहिताना ती तशी बसवलेली असते.

शिवाय कोरियातल्या जुन्या मोठ्या वाहिन्यांना 2021च्या जुलैपर्यंत कार्यक्रमाच्या मध्येच जाहिराती दाखवायची परवानगी नव्हती. बरीच वर्षं तासभराचा भाग सलग चालायचा. त्यामुळे एखादं पात्र जेवता जेवता थांबलं आणि अर्धा मिनिट काही बोललंच नाही, तर ती शांतता कापायला कोणी येत नसे. केबल वाहिन्यांना जाहिराती चालत, पण लांब भाग आणि दमाने चालणारे प्रसंग ही रीत तिथेही टिकली.

आपल्याकडच्या रोजच्या मालिका दुसऱ्याच कामासाठी घडलेल्या असतात आणि त्या कामात त्या पक्क्या असतात. बावीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, दोन-तीन वर्षं. संध्याकाळी मेथी निवडत, कुकरच्या शिट्ट्या मोजत त्या कानाने पाहता येतात. प्रत्येक महत्त्वाची गोष्ट कोणीतरी मोठ्याने बोलतं, संगीत ती अधोरेखित करतं आणि तीच गोष्ट पुढच्या भागात परत सांगितली जाते. कोरियन मालिका कानाने पाहता येत नाही. तिथला मोक्याचा क्षण बहुधा न बोललेला असतो. ‘सगळे उगाच भारावलेत, यात घडतं काय?’ असं म्हणणाऱ्यांनी ती बऱ्याचदा स्वयंपाक करता करता लावलेली असते.

तिसरं साधन जेवण. ‘क्रॅश लँडिंग’मध्ये उत्तर कोरियाच्या सैन्यातला कॅप्टन, म्हणजे नायक, सेरीसाठी कॉफीच्या बिया हाताने भाजतो आणि दळतो. तिच्यावर जीव जडलाय हे तो बोलून दाखवत नाही. ‘रिप्लाय’च्या पहिल्या भागात संध्याकाळी गल्लीतली पोरं या घरातून त्या घरात वाडगे पोचवत राहतात, आणि अखेरीस प्रत्येक घराच्या टेबलावर सगळ्या घरांचं जेवण मांडलेलं असतं. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत वाढलेल्यांना हा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. वाटी रिकामी परत द्यायची नसते हे त्यांना ठाऊक आहे. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप का देतात, एवढं मात्र माहीत असू द्या. कोरियात बाळंतिणीला ते देतात आणि पुढे मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला तेच करतात. म्हणून एखाद्या पात्राला ‘तुझ्या वाढदिवसाला सूप कोणी केलं?’ असं विचारलं आणि ते गप्प राहिलं, तर त्या गप्प राहण्यात आई आलेली असते.

संगीताबद्दल थोडक्यात. गाणी मालिका चालू असताना एकेक करून प्रसिद्ध होतात. आधी एखाद्या प्रसंगाखाली नुसती धून येते, पुढे तीच चाल शब्दांसह महत्त्वाच्या प्रसंगाला लागते. कान ओळखतो आणि डोळ्यांच्या आधी गळा दाटतो. तेच गाणं सहाव्यांदा लावलं की परिणाम उलटा होतो, आणि हा दोष पुष्कळ मालिकांत आहे.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. बहुतेक प्रेमकथा बाराव्या-तेराव्या भागाशी अडखळतात. गुंता सुटलेला असतो आणि चार भाग बाकी असतात. मग अपघात, स्मृतिभ्रंश, नोटांचं पाकीट पुढे सरकवणारी श्रीमंत आई, किंवा ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणून केलेली ताटातूट आणि थेट ‘एक वर्षानंतर’. यातली ताटातूट सर्वांत जास्त खटकते. इतके भाग एकमेकांची काळजी घेणारी माणसं अचानक एकमेकांना विश्वासात घेत नाहीत, आणि ज्या गोष्टीसाठी आपण रडलो तीच खोटी पडते. पूर्वी हे जास्त व्हायचं, कारण प्रक्षेपण चालू असतानाच पुढचे भाग लिहिले आणि चित्रित केले जात. कधी संवादांचे कागद शूटिंगच्या दिवशी हातात पडत. 2016चं ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ प्रक्षेपणाआधी पूर्ण चित्रित झालेलं होतं, त्यानंतर ही पद्धत वाढली. बारा भागांच्या मालिकाही आता बऱ्याच येतात, त्यांना मधली भरती लागत नाही.

आता पाहण्याबद्दल. सोळा भाग गुणिले सत्तर मिनिटं म्हणजे 18 तास 40 मिनिटं. रोज एक भाग पाहिला तर अडीच आठवडे लागत नाहीत, आणि तो वेग उत्तम. दीडपट वेगाने पाहू नका. संवाद समजतील, पण ज्या शांततेसाठी मालिका आहे तीच आक्रसून जाईल. रात्री भाग संपल्यावर थांबणं जमत नसेल, तर पुढचा भाग लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी, पेच सुटल्यावर, बंद करा. सातपूर-अंबडला सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांना हा उपाय विशेष सांगावासा वाटतो, कारण भागाच्या शेवटी थांबणं मुद्दाम कठीण केलेलं असतं, मध्यावर थांबणं सोपं असतं. अॅपमधलं ‘पुढचा भाग आपोआप सुरू’ हे सेटिंग बंद ठेवा, नाहीतर नामावलीनंतरचं उपप्रकरण निसटतं. ‘क्रॅश लँडिंग’मध्ये ते निसटलं तर अर्धी गोष्ट गेली.

भाषेचं म्हणाल, तर मूळ आवाज आणि इंग्रजी सबटायटल ही जोडी सर्वांत चांगली, कारण आवाजातला कंप डबिंगमध्ये हरवतो. पण आईला किंवा आजीला तेवढ्या वेगाने इंग्रजी वाचता येत नसेल तर हट्ट धरू नका, हिंदी आवाज लावा. तो आहे की नाही, हे पहिला भाग सुरू करण्याआधी ऑडिओच्या यादीत पाहून घ्या.

पहिली मालिका म्हणून ‘रिप्लाय 1988’ देऊ नये असं माझं ठाम मत आहे. वीस भाग, एकेक दीड तासाच्या आसपास, आणि पहिल्या दोन भागांत दहा-बारा माणसांची ओळख. दुसरी म्हणून द्या. सुरुवातीला ‘क्रॅश लँडिंग’ बरी, कथेला वेग आहे. ‘माय मिस्टर’चे पहिले तीन-चार भाग अंधारे आहेत, मारहाणही आहे, आधीच मन खचलेलं असेल तेव्हा ती बाजूला ठेवा. घरातल्या ज्येष्ठांबरोबर पाहायची असेल तर 2021ची ‘नाविलेरा’ घ्या: बारा भाग, सत्तरीतला निवृत्त पोस्टमन बॅले शिकायला निघतो, आणि त्याचा तरुण शिक्षक हळूहळू त्याचा आधार होतो. त्यात स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. घरात कोणाला तो असेल, तर आधी एकट्याने पाहा आणि मग कोणासोबत पाहायची ते ठरवा.