तिसऱ्या मिनिटानंतरचा दम

मी कुस्ती खेळतो, वजन ११८ किलो. पहिली दोन मिनिटं माझी पकड सहसा कुणी सोडवत नाही, पण तिसऱ्या मिनिटाला धाप लागते आणि हात सैल पडतात. मॅटवर तर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये फक्त ३० सेकंद!

वस्ताद म्हणाले, "पळू नको, गुडघे जातील. चढ चाल."

म्हणून आठवड्यातून तीनदा पहाटे जोतिबाचा डोंगर, बोलता येईल इतक्याच वेगानं. दोन दिवस संध्याकाळी खडाखडी, म्हणजे उभ्यानं झटापटीचा सराव: दर मिनिटाला समोर ताजा जोडीदार, मी मात्र तोच. खरं औषध हेच. श्वास रोखून रेटायची माझी सवय तिथंच सापडली. आता जोर लावताना श्वास सोडतो.

परवा सहाव्या मिनिटाला एकेरी पट काढला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडलं.