मथळ्याखाली कुणाचंच नाव नसतं

बातमीवर वार्ताहराचं नाव छापतात, मथळ्यावर कुणाचंच नसतं. बातमी लिहिणारा आणि तिला मथळा देणारा ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसतं. मथळा भडक लागला की फोन वार्ताहराला जातो. मी बरीच वर्षं रात्रपाळीला उपसंपादक होते. कॉपी, म्हणजे वार्ताहराने दिलेला मजकूर, तपासायची, कापायची आणि पानावर ठेवलेल्या जागेत बसेल असा मथळा द्यायचा, हे काम माझं. दोन कॉलमांत दोन ओळी म्हणजे दोनच ओळी.

जागा कमी पडली की काय गळतं, ते नीट पाहायला हवं. सगळ्यांत आधी जातं ते क्रियापद, कारण मराठीत ते शेवटी येतं. ‘मंत्र्यांचा राजीनामा’ एवढंच छापलं, तर राजीनामा दिला, मागितला की फेटाळला, काहीच कळत नाही. वाचक ‘दिला’ असंच धरून चालतो. मग जातो सांगणारा. ‘कंपनीत घोटाळ्याचा आरोप’ याचं ‘कंपनीत घोटाळा’ होतं, आणि कुणीतरी केलेला दावा आपल्या वर्तमानपत्राचा निष्कर्ष होऊन बसतो. त्यावर तोडगा म्हणून घोटाळा हा शब्द एकेरी अवतरणात टाकतात. संपादकांच्या डेस्कवर त्या चिन्हांचा अर्थ ‘हे आमचं म्हणणं नाही’ असा असतो, पण घाईत वाचणाऱ्याला ती दिसतही नाहीत. आरोग्याच्या बातम्यांत तर ‘उंदरांवरील प्रयोगात’ हे दोन शब्द हमखास उडतात आणि माणसं औषध बदलायला निघतात. जागा नसेल तर विशेषणं काढा, आकडा काढा, पण हे दोन शब्द राहिलेच पाहिजेत, यावर मी कायम अडून बसायचे.

प्रश्नचिन्हाचं मला फार वाईट वाटतं. इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराने २००९मध्ये लिहिलं होतं की, प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याचं उत्तर ‘नाही’ असं देता येतं. बातमी पक्की नसली की प्रश्न विचारून मोकळं व्हायचं, ही सवय त्याने नेमकी पकडली. पण प्रश्न नेहमीच पळवाट नसतो. १८९७ साली टिळकांनी ‘केसरी’त विचारलं होतं, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ तो अग्रलेखाचा मथळा होता. लिहिणाऱ्याचं मत त्या प्रश्नातच उघड होतं आणि त्याची किंमत मोजायची त्याची तयारीही होती. बातमीवरच्या प्रश्नचिन्हामागे असं कुणी उभं नसतं.

चुकलेल्या मथळ्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा. ३ नोव्हेंबर १९४८च्या अंकाने अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केल्याचं पानभर जाहीर केलं. निवडून आले होते ट्रुमन. हसू येतं खरं, पण त्यामागचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. छापखान्यातल्या जुळाऱ्यांचा, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणाऱ्या कामगारांचा, संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा काही तास आधी छपाईला सोडावा लागला आणि मतमोजणी अपुरी असताना अंदाजावर मथळा दिला गेला. आज कुठलाही संप नसताना आपण स्वतःहून तीच घाई करतो.

‘पूर्ण बातमी वाचली की गैरसमज दूर होतो’ असं सांगणारे सहकारी मला भेटले आहेत. मला ते कधीच पटलं नाही. मानसशास्त्रज्ञ उल्रिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की, दिशाभूल करणारा मथळा आधी वाचला असेल, तर पुढे मजकूर वाचूनही आठवण आणि निष्कर्ष त्या मथळ्याकडे झुकतात. आणि मजकूर वाचला जातो हे तरी कुठे खरं? २०१६च्या एका अभ्यासात ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या ५९ टक्के दुव्यांवर एकही क्लिक नव्हती. म्हणजे पुष्कळांसाठी मथळा हीच सगळी बातमी. म्हणून तो एकटा, मजकुराशिवाय वाचला तरी खरा ठरला पाहिजे.

संकेतस्थळांवर आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचा मला मनापासून राग येतो. एकाच बातमीला दोन-तीन मथळे लावून बघतात, ज्यावर क्लिक जास्त तो ठेवतात. हरकत आली की तोही गुपचूप बदलतात. छापील अंकात चूक झाली, तर निदान दुसऱ्या दिवशी चौकटीत शुद्धिपत्र येतं. इथे मात्र बदलाची नोंदच नाही. मथळा बदलला असेल, तर काय बदललं आणि कधी, हे बातमीखाली लिहायला एक ओळ पुरते. तोवर वाचकांनी दुव्याचा पत्ता (यूआरएल) वाचावा. वरचा मथळा सौम्य केला, तरी पुष्कळदा पहिल्या मथळ्याचे शब्द त्या पत्त्यात तसेच राहिलेले असतात.