तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या शिव्या घालता, तर बघता कशाला?

'डॉक्टर हू'चं नाव निघालं की माझ्या तोंडून आधी तक्रारीच बाहेर पडतात. शेवट घाईत उरकला, इतका चांगला खलनायक वाया घालवला, अमक्या लेखकाला पुन्हा बोलावू नये. समोरचा माणूस थोडा वेळ ऐकून घेतो आणि मग विचारतो, "एवढा त्रास होतो, तर बघता कशाला?" नणंदेनं विचारलंय, ऑफिसातल्या शेजारणीनं विचारलंय, आमच्या चाहत्यांच्या गटातली भांडणं चुकून कानावर पडलेल्यांनी तर हमखास विचारलंय. 'आवडतं म्हणून' एवढं सांगून कोणाचं समाधान होत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या आणि आतून अफाट मोठ्या असलेल्या टार्डिस नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात भटकतो. बीबीसीवर पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 ला लागला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या भागाचा दिग्दर्शक होता लखनौमध्ये जन्मलेला, पंचविशीतला वारिस हुसेन. त्याचं पहिलं चित्रण वरिष्ठांना पसंत पडलं नाही, म्हणून सगळा भाग पुन्हा चित्रित करावा लागला. म्हणजे नाराजीचा श्रीगणेशा मालिका पडद्यावर येण्याआधीच झाला होता!

1966 मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली. मालिका तर चालू ठेवायची होती. मग लेखकांनी युक्ती काढली: डॉक्टर मरत नाही, त्याचं शरीर बदलतं. याला चाहते रिजनरेशन म्हणतात. या एका युक्तीनं मालिकेला आयुष्य दिलं, आणि भांडणाला कायमचा विषयही. कारण दर तीन-चार वर्षांनी तुमचा लाडका डॉक्टर जातो, त्याच्या जागी कोणी अनोळखी माणूस उभा राहतो आणि म्हणतो, मी तोच. तुम्ही लगेच मानता? मी तरी मानत नाही. चार-पाच भाग जाऊ द्यावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. डिसेंबर 1989 मध्ये मालिका थांबली. मग मार्च 2005 पर्यंत, 1996 चा एक टीव्हीपट सोडला, तर पडद्यावर काहीच नव्हतं. या 15 वर्षांत 'डॉक्टर हू' कुठे होती? चाहत्यांकडे. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, छोटी मासिकं काढली. 1999 पासून बिग फिनिश या कंपनीनं जुन्या नटांना घेऊन श्राव्य नाटकं काढली, तीही चाहत्यांनीच उभी केलेली. त्याआधीची गोष्ट तर आणखी नवलाची. साठ आणि सत्तरच्या दशकांत बीबीसीनं जुन्या टेप पुसून टाकल्या, त्यामुळे नव्वदहून अधिक भागांचं चित्रणच हाती राहिलं नाही. पण आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे. का? तर घरोघरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची. ज्यांनी बनवलं त्यांनी पुसलं आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी जपलं. अशा लोकांना 'तुम्हाला बोलायचा काय अधिकार' हे कोणी विचारावं?

आणि ही माणसं नुसती जपत नव्हती. त्या काळात ती अखंड वाद घालत होती. कोणती कथा फसली, का फसली, कोणत्या डॉक्टरला लेखकांनी वाया घालवलं. 2005 मध्ये मालिका पुन्हा उभी राहिली ती रसेल टी डेव्हिस या लेखकामुळे. तो लहानपणापासूनचा चाहता, 1996 मध्ये त्याची 'डॉक्टर हू'वरची कादंबरीही आली होती. त्यानं लेखक गोळा केले तेही बहुतेक याच वादातून तावून सुलाखून निघालेले. रॉब शिअरमननं बिग फिनिशसाठी लिहिलेल्या नाटकातून 2005 चा 'डालेक' हा भाग निघाला. पॉल कॉर्नेलच्या 1995 च्या कादंबरीवर 2007 मध्ये दोन भाग झाले. पुढे डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट तर लहानपणी ही मालिका बघूनच नट व्हायचं ठरवलेला माणूस. पीटर कपाल्डीनं पंधराव्या वर्षी पाठवलेलं कौतुकाचं पत्र 1974 मध्ये 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात छापून आलं, आणि 2013 च्या ख्रिसमसला तो स्वतः डॉक्टर झाला.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा ख्रिस चिबनॉलचा. 1986 मध्ये बीबीसीच्या एका चर्चेच्या कार्यक्रमात सोळा वर्षांचा हा मुलगा चाहत्यांच्या गटातर्फे आला आणि नुकत्याच संपलेल्या सीझनच्या लेखकांना तोंडावर सांगून गेला की शेवटची कथा याहून बरी लिहिता आली असती. 2018 मध्ये तोच मालिकेचा प्रमुख झाला. आणि मग चाहत्यांनी त्याला अगदी तेच ऐकवलं. मीही ऐकवलं, मनापासून.

त्याच्या काळातला सर्वांत मोठा वाद मार्च 2020 चा. ज्याला डॉक्टरचं घर समजत होतो त्या गॅलिफ्रे ग्रहाचा तो मूळचा नाहीच, हार्टनेलच्या आधीही त्याची विसरलेली आयुष्यं होती, असं त्यानं दाखवलं. आमच्या गटात आठवडाभर कोणी धड बोलत नव्हतं. पण यात गंमत अशी की 1976 च्या एका कथेत मानसिक झुंजीच्या प्रसंगात पडद्यावर काही अनोळखी चेहरे दिसले होते. ते डॉक्टरचेच जुने चेहरे की प्रतिस्पर्ध्याचे, यावर चाहते तेव्हापासून हमरीतुमरीवर यायचे. चिबनॉलनं ते चेहरे उचलले आणि वादाचा निकाल लावून टाकला. मला तो निकाल पटला नाही. डॉक्टर हा कंटाळून घर सोडलेला साधा माणूस होता, त्यातच सगळी मजा होती. पण चव्वेचाळीस वर्षांचं भांडण थेट कथानकात येतं, असं किती मालिकांच्या वाट्याला येत असेल?

आपल्याकडच्या गायनाच्या घराण्यांसारखं आहे हे. गुरूच्या गाण्यातला दोष जो सर्वांत बारकाईनं सांगतो, तोच बहुतेक पुढे गादीवर बसतो.

सगळीच टीका मी चांगल्या खात्यात टाकत नाही. जुलै 2017 मध्ये, विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या फायनलनंतर, जोडी व्हिटेकर पुढची डॉक्टर असल्याचं जाहीर झालं. तिचं एकही वाक्य ऐकायच्या आत काहींनी मालिका संपल्याचं सांगून टाकलं. ती टीका नव्हती. शरीर बदलणं हाच जिथे नियम, तिथे बाई झाली म्हणून आकाश कोसळलं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. वाद घालण्याजोगं त्यात काही नसतं.

वाद घालण्याजोगं काय, तर तिचाच 11 नोव्हेंबर 2018 चा भाग, 'डीमन्स ऑफ द पंजाब'. विनय पटेल यांनी लिहिलेला. डॉक्टरची सोबतीण यास्मिन आपल्या आजीचा भूतकाळ बघायला ऑगस्ट 1947 च्या पंजाबात जाते, आणि समोर येतं आजीचं एका हिंदू तरुणाशी लग्न, ऐन फाळणीच्या धामधुमीत. ज्यांना राक्षस समजावं ते परग्रहवासी निरुपद्रवी निघतात. एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभं राहणं, एवढंच त्यांचं काम. खरा घात नवऱ्या मुलाच्या भावाकडून होतो. आमच्या गटातला कार्डिफला नोकरी करणारा मित्र म्हणाला, तिथल्या सहकाऱ्यांचे डोळे पाणावले. नाशिकची मैत्रीण म्हणाली, पाणावणारच, रेघ आखणारे साहेब पडद्यावर आहेत कुठे? सगळा दोष बिचाऱ्या भावावर. मला दोघांचंही पटलं. भाग स्पेनमध्ये चित्रित झालाय हे कळल्यावर त्या शेतांकडे मी जरा संशयानं बघू लागले, ते वेगळंच. पण त्या रात्री आम्ही जे बोललो ते परग्रहवासीयांबद्दल नव्हतं. कोणाच्या आजोबांनी काय पाहिलं होतं, घरी त्यावर का बोलत नाहीत, हे निघालं. भाग नुसता आवडला असता तर 'छान होता' म्हणून आम्ही झोपलो असतो.

म्हणून बघते. बघितल्याशिवाय भांडता येत नाही, आणि हे भांडण मला हवं आहे.

सध्याचा विषय विचाराल तर 31 मे 2025 च्या भागात शूटी गॅटवाच्या डॉक्टरचं शरीर बदललं आणि समोर आली बिली पायपर. 2005 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मालिकेत डॉक्टरची पहिली सोबतीण रोझ झाली होती, तीच. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण 'डॉक्टरच्या भूमिकेत' असं काही लिहिलं नाही. मी म्हणते, ती डॉक्टर नाहीच. नाशिक म्हणतं, आहे. कार्डिफ म्हणतं, निर्मात्यांनाही अजून ठाऊक नसेल. यावर तुमचं मत असेल तर अवश्य सांगा, फक्त रविवारी दुपारी वेळ काढून या.