बाराबंदी आणि दारावरची पाटी

सोलापुरात तुळजापूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या रेस्टॉरंटमध्ये मी कॅप्टन आहे. दिवाळीनंतर मालकांनी दारावर पाटी लावली: हाफ पँट, बनियन, स्लीपर, ओले कपडे आणि अनवाणी पायांना प्रवेश नाही. यातल्या ओल्या कपड्यांबद्दल माझं कधीच दुमत नव्हतं. पोहण्याच्या तलावातून उठून माणूस थेट एसी हॉलमध्ये आला की पाणी निथळून फरशी निसरडी होते. रश्श्याची भांडी घेऊन जाणारा आमचा एक पोरगा असाच घसरला होता, मनगट सुजलं त्याचं.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला अक्षतेचा दिवस. संमती कट्ट्यावर देवाच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडल्या होत्या, अख्खं शहर पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यात होतं. रात्री आठच्या सुमारास एक कुटुंब आलं. मुलगा-सून पुण्याची, बुकिंग त्यांचंच. सोबत सत्तरीचे आजोबा: अंगात बाराबंदी, खाली धोतर, कपाळावर विभूती आणि पाय अनवाणी. टाचांच्या भेगांत दिवसभराची धूळ बसलेली.

दारावरच्या पोरानं पाटीकडे बोट दाखवलं. मुलगा भडकला. आजोबा मात्र मला एवढंच म्हणाले, "बाळा, मी आत येऊ का नको, तेवढं सांग. पोरांना भूक लागलीय."

मी मॅनेजरना फोन लावला. "आज एकाला सोडलंस तर उद्या कुणाला अडवणार?" ते म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, कारण मागेच बर्म्युडातल्या मुलाला घेऊन एक बाई उभ्या होत्या. "त्यांना सोडणार असाल तर माझ्या मुलाला का नाही? त्याचे कपडे स्वच्छ आहेत, कोरडे आहेत." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. रांगेतले एक गृहस्थ उलट बोलले, जेवणाच्या ठिकाणी घरच्यासारखं उघड्या पायांनी बसलेलं त्यांना आवडत नाही, पैसे त्यासाठीच मोजतो.

तामिळनाडूत एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसले म्हणून क्लबात अडवलं होतं. त्यावरून २०१४ मध्ये तिथे असं अडवण्याविरुद्ध कायदाच झाला. तेव्हा बातमी वाचून मला फार राग आला होता. आणि आता अडवणाऱ्याच्या जागी मी होतो, काळे बूट नि टाय घालून, माझ्याच गावात, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत.

मी आजोबांना बागेतल्या नळाशी नेलं. त्यांनी घोट्यापर्यंत पाय धुतले. तलावाजवळच्या कपाटातून मी टर्किश टॉवेल आणला, तो हातात घेताच त्यांनी काठ अंगठा-बोटात धरून चोळून पाहिला. "आपल्याकडचाच आहे. चाळीस वर्षं लूमवर काढली मी." पाय कोरडे करून टॉवेल नीट चौघडी घालून त्यांनी परत दिला.

दोघांनाही आत घेतलं, आजोबांना आणि बर्म्युडातल्या मुलालाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आजोबांनी दोनदा मागितली. रांगेतले गृहस्थ न जेवता निघून गेले, त्यांची मी माफी मागितली.

सकाळी लेखी खुलासा द्यावा लागला. मी लिहिलं, नियम ओल्या आणि घाणेरड्यापुरता ठेवा, कापडाच्या जातीवर नको. आठवड्यानं पाटीवरचं 'अनवाणी' गेलं. 'हाफ पँट' तशीच आहे, तिच्यासाठी मी पुन्हा अर्ज दिलाय.